विदर्भाचें घरचें मैदान

खेळाचें मैदान म्हणजे तसें पाहिलें तर जमिनीचा एक सपाट तुकडा. नांगर फिरला तर त्यांत पीक येईल, पाया घातला तर त्यावर वाडा उभा राहील. पण एखादा संघ त्या तुकड्याला ‘आमचें घर’ म्हणूं लागला म्हणजे त्या जमिनीशीं माणसांचें कांहीं निराळेंच नातें जडतें. तेथें झालेला पराभव घरांतल्या दुखवट्यासारखा आठवतो आणि तेथला विजय घरच्या लग्नासारखा. हें नातें कसें जडतें, आणि मैदान हातीं असूनही तें कित्येक वर्षें पुरतेंपणीं कां जडत नाहीं, याचें बोलकें उदाहरण विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या मैदानांच्या इतिहासांत सांपडतें.

‘घरचें मैदान’ ही कल्पना इंग्लंडांत फूटबॉलच्या मंडळांनीं विशेष जोपासली. त्या देशाच्या जुन्या लँकेशायर परगण्यांत बोल्टन नांवाचें, एके काळीं सूतगिरण्यांनीं गजबजलेलें गांव आहे. अमेरिकेंत १८६१ पासून १८६५ पर्यंत यादवी चालूं असतां तिकडचा कापूस येईनासा झाला, तेव्हां लँकेशायरच्या गिरण्यांची नजर हिंदुस्थानकडे आणि त्यांतही वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. यवतमाळच्या शेतकऱ्यानें बोल्टनचें नांव ऐकलें नसेल. पण त्याच्या शेतांतील बोंडांची वार्ता त्या परगण्यांत पोंचली होती. या बोल्टनांत १८७४ सालीं एका चर्चच्या आश्रयानें फूटबॉलचें मंडळ निघालें. १८७७ सालीं चर्चशीं फारकत झाल्यावर त्यानें ‘वाँडरर्स’, म्हणजे ‘भटके’, असें नांव धारण केलें. कारण खेळावयास कायमची जागा त्याला मिळत नव्हती. अखेर १८९५ सालीं बर्न्डेन पार्क हें मैदान उघडलें आणि भटक्यांना घर मिळालें. नांव मात्र तेंच राहिलें. घर नसल्याचें दुःख किती खोल असतें, हें त्या एका नांवानें सव्वाशें वर्षांहून अधिक काळ जगाला सांगितलें आहे.

ज्या १८९५ सालीं बोल्टनच्या भटक्यांना घर लाभलें, त्याच सालच्या ३१ ऑक्टोबर रोजीं नागपुरास कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म झाला. हिंदुस्थानच्या क्रिकेटचा हा पहिला महापुरुष. १९३२ सालीं लॉर्ड्सच्या मैदानावर हिंदुस्थान आपला पहिला कसोटी सामना खेळला, तेव्हां संघाचें नेतृत्व याच नागपूरकराकडे होतें. परंतु त्यांच्या पराक्रमाला घर मिळालें तें नागपुरांत नव्हे. १९२३ सालीं होळकर दरबारच्या बोलावण्यावरून ते इंदुरास गेले, आणि पुढें होळकर संघानें रणजी करंडक चार वेळां जिंकून जो लौकिक मिळविला त्याचा ते आधारस्तंभ झाले. रत्न नागपूरचें, कोंदण इंदूरचें, असा हा प्रकार होता.

याचें कारण शोधूं गेल्यास प्रांताच्या घडणींत तें सांपडतें. वऱ्हाड १९०३ सालीं मध्यप्रांतास जोडण्यांत आला. यवतमाळ, अमरावती, अकोला व बुलढाणा हे जिल्हे नागपूरच्या कारभाराखालीं आले. १९३४ सालीं रणजी स्पर्धा सुरूं झाल्यानंतरच्या काळांत ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ या नांवाचा संघ तींत उतरत असे. पण संस्थानिकाचा खजिना किंवा मुंबईसारखी जुन्या क्लबांची परंपरा, यांपैकीं कोणतेंच पाठबळ त्याच्यामागें नव्हतें. १९५६ सालीं राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यांत आला, आणि १९५७-५८ च्या हंगामांत विदर्भाचा संघ स्वतःच्या नांवानें रणजी स्पर्धेंत प्रथम उतरला. नांव मिळालें, घरही मिळालें. नागपूरच्या सिव्हिल लाईन्स भागांतील मैदान हें त्याचें मुख्य ठाणें होय.

या मैदानाचें भाग्य मोठें चमत्कारिक ठरलें. ३ ऑक्टोबर १९६९ रोजीं तेथें पहिला कसोटी सामना सुरूं झाला. पाहुणा संघ न्यूझीलंडचा. हिंदुस्थानच्या भूमीवर त्या संघानें तोंपर्यंत एकही कसोटी सामना जिंकला नव्हता. नागपुरांत मात्र त्यानें यजमानांचा १६७ धांवांनीं पराभव केला. पहिल्याच पंगतीला पाहुणा जेवून तृप्त झाला आणि यजमान उपाशी उठला. पुढें १८ वर्षांनीं त्याची भरपाई झाली. १९८७ च्या विश्वचषक स्पर्धेंत पुनः न्यूझीलंडचाच संघ समोर होता. दिवस ३१ ऑक्टोबर, म्हणजे नायडूंच्या जन्माचा. त्या दिवशीं चेतन शर्मा यानें लागोपाठ तीन चेंडूंवर तीन गड्यांचा त्रिफळा उडविला. विश्वचषकाच्या इतिहासांतील ती पहिली हॅट्‌ट्रिक. त्यानंतर सुनील गावसकर यांनीं ८८ चेंडूंत नाबाद १०३ धांवा काढल्या. एकदिवसीय सामन्यांतील त्यांचें तें एकुलतें एक शतक.

परंतु या सर्व वैभवांत विदर्भ कोठें होता? मैदान विदर्भाचें, प्रेक्षक विदर्भाचे, पाणी घालणारा माळी विदर्भाचा. पण पराक्रम करणारे बहुधा परगांवचे. विदर्भाचा संघ रणजी स्पर्धेंत उतरल्यापासून ६० वर्षें लोटलीं तरी त्याला अंतिम सामना एकदांही गांठतां आला नाहीं. धर्मशाळेंत थोरामोठ्यांचे मुक्काम पडतात, त्यांच्या आठवणी भिंतींवर टांगल्या जातात, आणि जागेची देखभाल करणाऱ्याला मात्र उत्सवांत पान वाढलें जात नाहीं. तशीच कांहींशी अवस्था या मैदानाची होती.

यजमानाचें पहिलें कर्तव्य पाहुण्याच्या जिवाची काळजी घेणें हें होय. आणि मैदानाचा खरा पाहुणा म्हणजे तिकीट काढून आलेला प्रेक्षक. २६ नोव्हेंबर १९९५ रोजीं सिव्हिल लाईन्सच्या मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध एकदिवसीय सामना चालूं असतां, दोन डावांच्या मधल्या विश्रांतींत प्रेक्षागाराच्या भिंतीचा एक भाग कोसळला आणि खेळ पाहावयास आलेलीं माणसें मृत्युमुखीं पडलीं. सामना मात्र थांबला नाहीं. दुसरा डाव खेळला गेला, न्यूझीलंडनें ९९ धांवांनीं विजय मिळविला, आणि त्याची नोंद पुस्तकांत इतर सामन्यांसारखीच झाली.

बोल्टनच्या घरींही असाच एक काळा दिवस उगवला होता. ९ मार्च १९४६ रोजीं बर्न्डेन पार्कवर स्टोक सिटीशीं सामना होता. महायुद्ध नुकतेंच संपलें होतें. खेळाला भुकेलेले लोक मैदानाच्या शक्तीपलीकडे लोटले. चेंगराचेंगरींत ३३ जण गतप्राण झाले. मृतदेह मैदानाच्या कडेला ठेवण्यांत आले, त्यांवर कोट पांघरण्यांत आले आणि खेळ पुढें चालूं झाला. त्या दुर्घटनेची चौकशी झाली, गर्दीला मर्यादा घालण्याच्या शिफारशी झाल्या. पण पुरता धडा घेतला गेला नाहीं. १९८९ सालीं शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली, तिच्या बळींची संख्या पुढें ९७ पर्यंत गेली, तेव्हां कोठें इंग्लंडांत मोठ्या मंडळांच्या मैदानांवर प्रत्येक प्रेक्षकाला बसावयास आसन असलें पाहिजे असा दंडक आला. नागपूर काय किंवा बोल्टन काय, धडा एकच. विजयाच्या कमानी उभारण्यापूर्वीं भिंती पक्क्या बांधाव्यात. ज्या घराच्या भिंतीखालीं पाहुणा सांपडतो, त्या घराला स्वतःच्या लौकिकाचा अभिमान बाळगण्याचा अधिकार उरत नाहीं.

घरच्या मैदानाचा दुसरा प्रश्न मातीचा. वर्धा नदीच्या दोन्ही तीरांवरची काळी माती कापसाला मानवते तशी खेळपट्टीलाही मानवते. तींत चिकणमातीचा अंश मोठा असतो. पाणी पिऊन ती फुगते, उन्हानें आकसते आणि आकसतांना तिला भेगा पडतात. यवतमाळच्या शेतकऱ्याला हें सांगावयास नको. उन्हाळ्यांत त्याच्या शेतांत हात जाईल एवढ्या भेगा तो दरवर्षीं पाहतो. २२ यार्ड लांब आणि १० फूट रुंद अशी खेळपट्टी तयार करणारा माळी याच मातीला पाणी देतो, तिजवर जड रूळ फिरवितो आणि ती एकजीव होईपर्यंत वाळवितो. वर हिरवें गवत राखलें तर चेंडूची शिवण त्याला अडखळते आणि जलद गोलंदाजाला साथ मिळते. गवत काढून पट्टी कोरडी ठेवली तर वरचा थर भुगा होतो, भेगा उकलतात आणि फिरकी चेंडू वळूं लागतो.

२००४ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत ऑस्ट्रेलियाचा संघ सिव्हिल लाईन्सवर आला, तेव्हां खेळपट्टीवर हिरवें गवत होतें. भारताची भिस्त फिरकीवर, आणि पट्टी साथ देणार जलद गोलंदाजांना! यजमान संघाच्या गोटांत नाराजी पसरली. जेसन गिलेस्पी यानें सामन्यांत नऊ गडी टिपले, भारत ३४२ धांवांनीं हरला, आणि १९६९-७० नंतर प्रथमच ऑस्ट्रेलियानें भारतांत कसोटी मालिका जिंकली. घरच्या मैदानानें घरच्यांनाच दगा दिला, असा ओरडा त्या वेळीं झाला. पण मैदानानें पक्षपात करावा काय, हा प्रश्न त्या ओरड्यांत बुडून गेला.

दरम्यान नव्या घराचे बेत आंखले जात होते. नागपूरच्या दक्षिणेस, शहराच्या मध्यापासून पंधरा-वीस किलोमीटरांवर, वर्धा मार्गालगत जामठा येथें सुमारें ४५,००० प्रेक्षक बसतील असें नवें स्टेडियम उभें राहिलें. ६ नोव्हेंबर २००८ रोजीं तेथें पहिला कसोटी सामना सुरूं झाला. सौरव गांगुलीचा तो अखेरचा कसोटी सामना. ऑस्ट्रेलियाचा जेसन क्रेझा यानें पदार्पणांतच बारा गडी बाद केले, तरीही भारतानें १७२ धांवांनीं विजय मिळविला. नव्या घराचा गृहप्रवेश जुन्या घरापेक्षां शुभ झाला.

तथापि घर हलविणें ही गोष्ट केवळ विटा-चुन्याची नव्हे. बोल्टनच्या मंडळानेंही १९९७ सालीं गांवांतलें बर्न्डेन पार्क सोडलें आणि कांहीं मैलांवरच्या हॉर्विच येथें नवें स्टेडियम बांधलें. एल. एस. लाउरी या चित्रकारानें १९५३ सालीं मैदानाकडे लोटणाऱ्या माणसांचें जें प्रसिद्ध चित्र काढलें तें याच बर्न्डेन पार्कचें. आतां त्या जागीं बाजारपेठ आहे, आणि चालत सामन्याला जाणारी ती गर्दी चित्रांतच उरली आहे. जामठ्याच्या बाबतींतही असेंच घडलें. सीताबर्डीहून किंवा सदर बाजारांतून सायकलीनें मैदान गांठणाऱ्या प्रेक्षकाला तें घर दूर झालें. २०१९ सालीं खापरीपर्यंत मेट्रो धांवूं लागली. पण खापरी हें जामठ्याच्या अलीकडे आहे.

मात्र नागपूरकराला जें दूर झालें तें दुसऱ्या कोणाला जवळ झालें, हें विसरून चालणार नाहीं. जामठ्याजवळून जाणारा तो रस्ता नागपूर-हैदराबादचा राजमार्ग होय. तो बुटीबोरी व हिंगणघाट मागें टाकून वर्धा नदी ओलांडतो, यवतमाळ जिल्ह्यांत शिरतो आणि वडकी, करंजी या गांवांवरून पांढरकवड्यास पोंचतो. विदर्भाचे जिल्हे अकरा. पण पूर्वीं मैदान नागपूरच्या पोटांत होतें आणि विदर्भाचें क्रिकेट म्हणजे बहुतांशीं नागपूरचें क्रिकेट अशी समजूत होती. घर वेशीबाहेर आलें, आणि जिल्ह्याच्या वाटेला लागलें.

त्यापूर्वीं या नव्या घरालाही एक धडा शिकावा लागला. २०१५ सालच्या नोव्हेंबरांत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध जामठ्यास अशी कोरडी पट्टी तयार झाली कीं पाहुण्यांचा पहिला डाव अवघ्या ७९ धांवांत आटोपला, सामना तीन दिवसांत संपला आणि दोन्ही संघांतील एकाही फलंदाजाला अर्धशतक करतां आलें नाहीं. भारत जिंकला, पण आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेनें त्या खेळपट्टीवर ‘निकृष्ट’ असा शेरा मारला. आणि पुढें काय झालें? १५ मार्च २०१६ रोजीं विश्वचषकाच्या वीस षटकांच्या स्पर्धेंत त्याच मैदानावर न्यूझीलंडच्या फिरकी गोलंदाजांनीं भारताचा डाव गुंडाळला, तोही नेमका ७९ धांवांत! दुसऱ्यासाठीं खणलेला खड्डा स्वतःसाठींच कसा होतो, हें मातीनें चार महिन्यांच्या आंत दाखवून दिलें. २००४ च्या वेळीं विचारला न गेलेला प्रश्न येथें आपोआप सुटला. घरच्या मैदानाचा लाभ म्हणजे माती ओळखीची असणें. ती आपल्या बाजूची करून घेणें नव्हे.

विदर्भाच्या संघाचा भाग्योदय झाला तो प्रथम परक्या अंगणांत. चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनाखालीं आणि फैज फझलच्या नेतृत्वाखालीं विदर्भानें १ जानेवारी २०१८ रोजीं दिल्लीचा नऊ गडी राखून पराभव केला आणि रणजी करंडक पहिल्यांदा जिंकला. सामना झाला इंदुरास, होळकरांच्या नांवाच्या मैदानावर. नायडूंना ज्या शहरानें आश्रय दिला, त्याच शहरानें त्यांच्या जन्मभूमीच्या संघाला पहिला जयजयकार ऐकविला.

घरचा जयजयकार पुढच्या वर्षीं ऐकूं आला. २०१९ च्या फेब्रुवारी महिन्यांत जामठ्यास विदर्भ आणि सौराष्ट्र यांच्यांत अंतिम सामना झाला. पहिल्या दिवसअखेर विदर्भाचे सात गडी बाद झाले होते आणि धांवा केवळ २०० झाल्या होत्या. अशा वेळीं खेळपट्टीवर होता तो पांढरकवड्याचा अक्षय कर्णेवार. हा मूळचा उजव्या हाताचा फिरकी गोलंदाज. प्रशिक्षकाच्या सल्ल्यावरून त्यानें डाव्या हातानेंही गोलंदाजी आत्मसात केली आणि २०१७ सालीं ऑस्ट्रेलियाच्या संघापुढें सराव-सामन्यांत दोन्ही हातांनीं चेंडू टाकून दाखविले. पण या दिवशीं संघाला त्याच्या बॅटची गरज होती. त्यानें नाबाद ७३ धांवा काढल्या, विदर्भाचा डाव ३१२ पर्यंत गेला, आणि सौराष्ट्राचा डाव ३०७ वर संपला. आघाडी केवळ ५ धांवांची! एवढ्या अरुंद पुलावरून संघ पलीकडे गेला. दुसऱ्या डावांत आदित्य सरवटे यानें सहा गडी टिपले, पहिल्या डावांतील पांच मिळून अकरा. चेतेश्वर पुजारासारखा खंदा फलंदाज दोन्ही डावांत मिळून एका धांवेवर परतला, आणि विदर्भानें ७८ धांवांनीं करंडक राखला.

लगोलग त्याच मैदानावर शेष भारताविरुद्ध इराणी करंडकाचा सामना झाला. कर्णेवारनें आठव्या क्रमांकावर येऊन १०२ धांवा केल्या. प्रथम श्रेणीच्या सामन्यांतील त्याचें तें पहिलें शतक. सामना चालूं असतांच १४ फेब्रुवारी रोजीं पुलवामा येथें राखीव पोलीस दलाच्या जवानांवर भीषण हल्ला झाला. हुतात्म्यांत विदर्भाच्या बुलढाणा जिल्ह्याचे दोन जवान होते. करंडक विदर्भानेंच राखला, आणि बक्षिसाची रक्कम हुतात्म्यांच्या कुटुंबियांस देण्याचें कप्तान फैज फझलनें जाहीर केलें. २४ वर्षांपूर्वीं याच शहराच्या जुन्या मैदानावर माणसें गेलीं आणि खेळ जणूं कांहीं झालेंच नाहीं असा पुढें सरकला होता. या वेळीं खेळ पुढें गेला, पण त्यानें मान वळवून दुःखाकडे पाहिलें. घराला घरपण येतें तें अशानें.

त्यानंतर २०२५ च्या मार्चमध्यें केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णीत राहिला, तेव्हां पहिल्या डावांतील ३७ धांवांच्या आघाडीवर विदर्भानें तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला, तोही जामठ्यासच. सिव्हिल लाईन्सचें जुनें मैदानही मोडलें नाहीं. बोल्टनच्या जुन्या मैदानासारखी त्याची बाजारपेठ झाली नाहीं. तेथें अजूनही रणजी व स्थानिक सामने होतात.

असें हें साठाहून अधिक वर्षांचें चरित्र आहे. त्याचा निष्कर्ष काढावयाचा झाल्यास तो असा कीं, ४५,००० आसनांनीं किंवा परदेशी पाहुण्यांच्या विक्रमांनीं मैदान घरचें होत नाहीं. प्रेक्षक सुखरूप परतेल अशी भिंत, दोघांनाही न्याय देईल अशी माती, आणि अकरा जिल्ह्यांपैकीं कोणत्याही गांवच्या मुलाला आंत घेईल असें दार, या तीन गोष्टी असल्या म्हणजे तें घरचें होतें. यांपैकीं पहिली गोष्ट नागपूर मरणाची किंमत देऊन शिकलें, दुसरी मानहानि सोसून शिकलें. तिसरी मात्र एकदांच शिकून भागत नाहीं. पांढरकवड्याचा एक मुलगा त्या दारांतून आंत आला म्हणून दार उघडें राहिलेंच असें नव्हे. मारेगांव, झरी, आर्णी, उमरखेड येथल्या मुलांसाठीं तें दर हंगामाला नव्यानें उघडावें लागेल.